सर्व्हर केव्हा थांबवावा?

या सभागृहात जमलेले सरपंच, शिक्षक आणि अधिकारी यांची कामे निरनिराळी असली, तरी एक वाक्य त्या सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. "सर्व्हर डाऊन आहे," हे ते वाक्य होय. सातबाराच्या उताऱ्यासाठी सेवा केंद्रात आलेला शेतकरी ते ऐकतो, रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा टेकवून उभी असलेली गृहिणी ते ऐकते, विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयास बसलेले शिक्षकही ते ऐकतात. आडगावाहून एस.टी.ने आलेला माणूस हे वाक्य ऐकून परत फिरतो. त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो आणि उद्या तरी काम होईल किंवा नाही, हे त्याला कोणी सांगू शकत नाही. सर्व्हर बंद पडला की कोणी तो बंद ठेवला, हा भेद त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वस्तुतः साऱ्या प्रश्नाचे मर्म त्या भेदातच आहे.

मुंबईकरांना हा भेद चांगला ठाऊक आहे. रविवारी उपनगरी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाड्या धावणार नाहीत, हे आदल्या दोन-तीन दिवसांत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मशीद बंदर आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्या दरम्यानचा ब्रिटिश काळातील कर्नाक पूल पाडण्यासाठी एकंदर २७ तासांचा ब्लॉक घेण्यात आला होता. गैरसोय झाली, परंतु ती वेळापत्रकासह आली होती. लोकांनी आपापली कामे पुढेमागे केली. त्याच रुळांवर सोमवारी सकाळी ऐन गर्दीत वीजवाहक तार तुटली, तर अर्ध्या तासाचा खोळंबाही असह्य होतो. सर्व्हरच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा अद्याप सर्वत्र रुजलेला नाही. यंत्र थांबवू नये म्हणून महिनोन्महिने सुधारणा पुढे ढकलायची आणि ते आपण होऊन थांबले की लोकांना परत पाठवायचे, असा प्रकार पुष्कळ कार्यालयांत घडतो.

मुळात चांगले चालू असलेले यंत्र थांबवावेच का लागते? तंत्रज्ञाने रात्री दोन तास मागितले, की हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात येतो आणि तो रास्तच आहे. सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना एकाच वेळी माहिती पुरविणारा मोठा संगणक. त्याच्यावर सातबाराची, शिधापत्रिकांची किंवा पगारपत्रकांची जी संगणकीय कामे चालतात, त्या सर्वांच्या खाली एक मूलभूत कार्यप्रणाली असते. तिलाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज सर्व्हर, लिनक्स ही तिची परिचित नावे. या प्रणालीच्या गाभ्याला तंत्रज्ञ कर्नल म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी त्याचा काही संबंध नाही, मात्र हुकमत तेवढीच असते. यंत्र सुरू होताना हा गाभा डिस्कवरून उचलून स्मृतीत आणला जातो आणि यंत्र बंद होईपर्यंत तो तेथेच ठाण मांडून असतो. स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कामाला द्यावयाचा, डिस्कवर कोणी लिहावयाचे, जाळ्यावरून आलेली विनंती कोणाकडे सोपवावयाची, हे सर्व तोच ठरवितो.

आता त्या गाभ्यात एखादा दोष सापडला आणि निर्मात्याने सुधारलेली फाइल पाठविली, असे समजू. ती डिस्कवर बसविली जाते. परंतु स्मृतीत चालू असलेला गाभा जुनाच राहतो. कार्यालयात याचे नेमके उदाहरण सापडते. नवा शासन निर्णय येतो, आवक नोंदवहीत चढतो, फाइलला लागतोही. पण टेबलावरचा लिपिक पाठ असलेल्या जुन्या नियमानेच प्रकरणे निकालात काढीत असतो. जोवर तो हातातली लेखणी खाली ठेवून नवा निर्णय वाचीत नाही, तोवर फाइलला लागलेल्या त्या कागदाचा उपयोग शून्य. सर्व्हर पुन्हा सुरू करणे, म्हणजे रीबूट करणे, याचा अर्थ त्या लिपिकाला लेखणी खाली ठेवावयास लावणे.

विंडोज आणि लिनक्स यांच्या रीती याबाबतीत किंचित वेगळ्या आहेत. विंडोजमध्ये वापरात असलेली फाइल सहसा बदलू दिली जात नाही. म्हणून नव्या फाइली बाजूला ठेवून अदलाबदलीची यादी केली जाते आणि यंत्र पुन्हा सुरू होताना, इतर कामे जागी होण्यापूर्वी ती उरकली जाते. लिनक्समध्ये फाइल तत्काळ बदलते, पण आधीपासून चालू असलेला कार्यक्रम जुनी प्रत धरून बसतो. यातून एक फसवा प्रकार उद्भवतो. अहवालात "सुधारणा बसविली" अशी नोंद होते, तपासणीत टिकमार्क पडते आणि यंत्र मात्र कित्येक महिने जुन्या, सदोष गाभ्यावरच चालत राहते. म्हणून तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने "सुधारणा बसविली का?" एवढे विचारून थांबू नये. "यंत्र शेवटचे केव्हा पुन्हा सुरू केले?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

काही तंत्रज्ञांना यंत्र अखंड चालू असल्याचा अभिमान वाटतो. तीन वर्षांत एकदाही बंद केलेले नाही, असे ते कौतुकाने सांगतात. हे कौतुक सावधपणे ऐकावे. त्या तीन वर्षांत यंत्रात अनेक बदल चालू स्थितीत, हाताने केलेले असतात आणि त्यांची नोंद कोठेही नसते. जाळ्याचा एखादा मार्ग तात्पुरता बदललेला असतो. एखादे काम आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था करावयाची राहिलेली असते. यंत्र चालू आहे तोवर हे झाकलेले राहते. वीज गेली, बॅटरी संपली आणि यंत्र नाइलाजाने बंद होऊन पुन्हा सुरू झाले, की सारे उघडे पडते. तोवर ज्याने ते बसविले त्याची बदली झालेली असते किंवा कंत्राटदार बदललेला असतो. ठरावीक काळाने यंत्र मुद्दाम बंद करून सुरू करणे ही म्हणूनच एक रंगीत तालीम ठरते. यंत्र परत उभे राहते, याची खात्री माणसे हजर असताना करून घेतलेली बरी.

सुधारणा लांबणीवर टाकल्याने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषावरील सुधारणा १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. त्याच दोषाचा फायदा घेणारा 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर कार्यक्रम १२ मे रोजी जगभर पसरला. मध्ये तब्बल ५९ दिवस होते. तरीही इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टांना त्याची झळ पोहोचली. संगणक कुलूपबंद झाले, काही रुग्णालयांना तातडीचे रुग्ण अन्यत्र पाठवावे लागले. रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नमूद झाला. बाधित झालेल्या संस्थांच्या यंत्रांवर एक तर ती सुधारणा बसविलेली नव्हती किंवा ज्यांना सुधारणा मिळणेच बंद झाले आहे अशा जुन्या प्रणाली होत्या, हाही त्या अहवालाचा निष्कर्ष होता. रुग्णालयातील यंत्र थोडा वेळ बंद ठेवणे सोपे नसते, हे खरे. पण तो थोडा वेळ वाचविण्याची किंमत शेवटी रुग्णांनी मोजली.

पुढच्याच महिन्यात हे लोण महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणकजाळे उद्ध्वस्त झाले आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा कार्यक्रम चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे सुधारणा बसविलेल्या यंत्रांतही शिरत असे. म्हणजे रीबूट हा काही सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. या प्रकरणात एक चमत्कारिक योगायोग घडला. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या साऱ्या प्रती नष्ट झाल्या होत्या. केवळ घानामधील एक प्रत शाबूत राहिली. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि यंत्र बंद होते! वीज जाण्याचा असा उपकार क्वचितच कोणावर झाला असेल.

याच्या उलट बाजूचा धोकाही लक्षात घ्यावयास हवा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या कार्यक्रमासाठी एक सदोष फाइल जगभरातील विंडोज यंत्रांना एकाच वेळी पाठविली. ही फाइल मूळ प्रणालीची नव्हती, परंतु तो कार्यक्रम गाभ्यात शिरून काम करणारा असल्याने गाभाच कोसळला. यंत्र पुन्हा सुरू होई आणि पुन्हा कोसळे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बाधित झाली. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, पण जी यंत्रे पडली होती त्यांतील बहुसंख्य ठिकाणी माणसाने यंत्रासमोर बसून, ते मर्यादित अवस्थेत सुरू करून, ती फाइल हाताने पुसावी लागली. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. यावरून घ्यावयाचा बोध सुधारणा टाळाव्यात असा नाही. त्या आधी एका यंत्रावर, मग चार यंत्रांवर आणि त्यानंतर सर्वत्र बसवाव्यात, एवढाच तो आहे. शिवाय बिघडलेल्या यंत्रापाशी प्रत्यक्ष कोण जाणार, त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हेही आधी माहीत असावे.

मासिक सुधारणा आणि संपूर्ण आवृत्ती बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुधारणा प्रसिद्ध करते. भारतात तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते. त्यासाठी यंत्र सामान्यतः थोडा वेळच थांबवावे लागते. परंतु प्रत्येक आवृत्तीचे एक आयुष्य ठरलेले असते. विंडोज सर्व्हर २०१२ ची नेहमीची साथ १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ रोजी संपली आणि विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख ठरविलेली आहे. या तारखा अनेक वर्षे आधी जाहीर होतात. अंदाजपत्रकात तरतूद करावयास तेवढा अवधी पुरेसा असतो; तरीही पुष्कळ कार्यालयांना जाग येते ती मुदत संपल्यावर.

आवृत्ती बदलताना जुन्याच यंत्रावर नवी प्रणाली चढविण्याचा एक मार्ग आहे. तो स्वस्त, पण जोखमीचा. यंत्र अनेकदा बंद-सुरू होते आणि मध्येच अडखळले, तर पुढेही जाता येत नाही व मागेही फिरता येत नाही. दुसरा मार्ग नवे यंत्र शेजारी उभे करण्याचा. जुने घर मोडण्यापूर्वी शेजारी नवे बांधून घ्यावे आणि मुहूर्तावर बिऱ्हाड हलवावे, तसा हा प्रकार आहे. नव्या यंत्रावर आठ-पंधरा दिवस चाचण्या घेता येतात. लोकांसाठी सेवा बंद राहते ती केवळ शेवटची माहिती हलविण्यापुरती. आणि नवे यंत्र रुसलेच, तर जुने तयार असते. जेथे लोकांचा रोजचा संबंध येतो, तेथे हा दुसरा मार्गच पत्करावा. त्याचा जादा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे.

सेवा मुळीच थांबू नये, अशीही व्यवस्था काही प्रमाणात शक्य आहे. दोन यंत्रे जोडीने ठेवून एक थांबवावे, त्या काळात दुसऱ्याने भार वाहावा, मग उलट करावे. लिनक्सच्या गाभ्यात एप्रिल २०१५ मधील ४.० या आवृत्तीपासून तर यंत्र न थांबविता दुरुस्ती करण्याची सोय आली. सदोष भागाच्या तोंडाशी वळण-रस्त्याची पाटी लावून वाहतूक नव्या भागाकडे वळवावी, तसे तिचे कार्य चालते. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या सर्व्हरच्या अलीकडच्या काही आवृत्त्यांना अशी सोय दिली आहे. तथापि तिच्यातही जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांत यंत्र पुन्हा सुरू करणे अपेक्षित असते. आवृत्ती बदलताना या सोयींचा उपयोग होत नाही. आणि जोडयंत्रांचीही एक मर्यादा आहे. खिडक्या दोन करता येतात, पण खतावणी एकच असते. ज्या सर्व्हरवर मूळ नोंदी साठविलेल्या असतात, त्याची जोडी लावणे हे कौशल्याचे आणि खर्चाचे काम आहे.

कंत्राटात बहुधा "९९.९ टक्के उपलब्धता" असे शब्द असतात. ऐकावयास ते निर्दोष वाटतात. वर्षाचे तास ८,७६० होतात. त्यांचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. दरमहा केवळ दोन तास सुधारणेसाठी यंत्र थांबविले, तरी वर्षाचे २४ तास होतात आणि उपलब्धता ९९.७३ टक्क्यांवर येते. नियोजित बंद काळ हिशेबात धरावयाचा की वगळावयाचा, हे कंत्राटात स्पष्ट लिहिले नसेल, तर कंत्राटदार दंडाच्या भीतीने सुधारणाच टाळतो. तो वगळावा हेच योग्य. परंतु पूर्वसूचना दिली असेल तरच, आणि ठरल्या वेळेत काम संपले असेल तरच.

वेळ ठरविताना तंत्रज्ञाला जे माहीत नसते ते अधिकाऱ्याला, आणि सरपंचालाही, माहीत असते. खरीप पीक विम्याची मुदत संपण्याचा आठवडा, पीककर्जाचे जून महिन्यातील दिवस, निकालानंतर दाखल्यांसाठी उसळणारी गर्दी, पगारपत्रकांची अखेरची तारीख, ग्रामसभेचा आदला दिवस, हे दिवस तंत्रज्ञाच्या पंचांगात नसतात. ते त्याला सांगावे लागतात. घड्याळाचाही घोळ असतो. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात व ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. कोणी निर्धास्तपणे "पहाटे चार" अशी वेळ भरून ठेवावी आणि यंत्र येथे सकाळी साडेनऊला, खिडक्या उघडण्याच्या सुमारास बंद व्हावे, असे घडू शकते.

किती वेळ मागावा, याबाबत तंत्रज्ञ स्वतःचीच फसवणूक करून घेतात. घरचा संगणक मिनिटाभरात सुरू होतो, म्हणून सर्व्हरही होईल असे गृहीत धरले जाते. शेकडो गीगाबाइट स्मृती असलेला मोठा सर्व्हर नुसती स्वतःची तपासणी करण्यातच कित्येक मिनिटे घालवितो. त्यानंतर डिस्कची तपासणी, मग प्रणाली, मग नोंदींचा साठा. तो अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या रोजकीर्दीवरून पूर्ण करतो किंवा रद्द करतो. त्यानंतर कोठे लोकांसमोरची सेवा जागी होते. यंत्र सुरू झाले म्हणजे सेवा सुरू झाली, असे नाही. आणि या सर्वांत परत फिरण्याचा वेळ धरलेलाच नसतो. रात्री १० ते पहाटे ४ अशी मुदत घेतली असेल, तर दीड वाजेपर्यंत अमुक टप्पा गाठला गेला नाही तर काम सोडून जुनी स्थिती आणावयाची, हे आधीच कागदावर ठरलेले असावे. पहाटे तीनला थकलेल्या माणसांनी "अजून अर्धा तास पाहू" असे म्हणत राहू नये, यासाठी ही तजवीज. बॅकअपच्या बाबतीतही तेच. त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि जी प्रत परत भरून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

राहता राहिली पूर्वसूचना. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात, तीही इंग्रजीत, एक ओळ दिली म्हणजे जनतेला कळविले असे होत नाही. सेवा केंद्राच्या दारावर, रेशन दुकानात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत कागद लागला पाहिजे. त्यावर तीन गोष्टी असाव्यात: कोणती सेवा बंद राहील, कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्या मुदतीत ज्याची अखेरची तारीख येते त्याला वाढीव दिवस मिळणार आहे किंवा नाही. रेशन दुकानदाराने त्या काळात धान्य कोणत्या नोंदीवर द्यावयाचे, हेही त्याला आधी लेखी कळविलेले असावे. नाहीतर दार उघडे असून धान्य मिळत नाही, अशी अवस्था होते.

काम संपल्याचा दाखला डेटा सेंटरमधील हिरव्या दिव्यावरून देऊ नये. सकाळी खिडक्या उघडण्यापूर्वी एखाद्या दूरच्या तालुक्यातील केंद्रचालकाने एक सातबारा प्रत्यक्ष काढून पाहावा, एका रेशन यंत्रावर अंगठा उमटवून पाहावा, कागद छापून बाहेर येतो किंवा नाही ते तपासावे आणि तसा दूरध्वनी करावा. तो दूरध्वनी येईपर्यंत तंत्रज्ञांनी जागेवरून उठू नये.